उघडायची मजुरी

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे तिचं काम. त्यामुळे सगळे तिला सुईवाली ताई म्हणायचे. सकाळी लवकर निघायचं, बर्फाची पेटी गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळून ठेवायची आणि उपाशीपोटी वाट बघणाऱ्या माणसांच्या दारात जाऊन उभं राहायचं. सुईला न घाबरणारा माणूस तिला क्वचितच भेटला होता. चांगले धिप्पाड पुरुष बाही वर सारताना भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग ती म्हणायची, "तिकडे नका बघू, माझ्याशी बोला. काल संध्याकाळी काय जेवलात?" माणूस आठवायला लागायचा, तोवर हिचं काम झालेलं असायचं.

ती स्वतः मात्र एक नंबरची घाबरट होती, पण हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. गॅसचा वास आल्यासारखा वाटला तर दोनदा उठून बघायची. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होता. त्याच्या फोनला जरा उशीर झाला की हीच चार वेळा फोन लावायची. सासरे चिडवायचे, "पोरी, तुझ्या मागे सावली पडायची तर तिनंसुद्धा आधी विचारायला हवं."

त्या दिवशी ती उड्डाणपुलाच्या चढावर होती. मागे पेटीत वीसेक माणसांचं रक्त. तिनं अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, पण गाडी काही जोर धरेना. आणखी दाबला, तर आणखी ओरडलं. वेग मात्र उतरत चालला आणि काहीतरी जळाल्याचा उग्र वास आत भरला. चढाच्या मध्यावर गाडी थांबली. तिनं हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडत हँडब्रेक खाली केला. गाडी पुढे जायच्या ऐवजी वीतभर मागे सरकली. आरशात एका ट्रकचं नाक दिसत होतं, आरसा भरून.

मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. तिचे दोन्ही पाय ब्रेकवर. शेवटी ट्रकचाच ड्रायव्हर उतरला, तिच्या मागच्या चाकाला दगड लावला आणि काचेशी येऊन म्हणाला, "बाई, क्लच गेलाय. आता चढणार नाही ही. मी ट्रक कडेला घेऊन मागची वाहनं थांबवतो, दगड काढला की तुम्ही हळूहळू उलट्या उतरा." ती मान मागे वळवून, जीव मुठीत धरून तो सबंध चढ उलटा उतरली. खाली आल्यावर बर्फाची पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं लॅबमध्ये गेली.

घराच्या दोन गल्ल्या पलीकडे एक गॅरेज होतं. गॅरेजवाला गाडी ओढून घेऊन गेला आणि त्यानं तिच्यासमोरच तपासणी केली. हँडब्रेक लावून चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन आपलं चालूच.

"बंद पडायला हवं होतं," तो म्हणाला. "नाही पडलं. म्हणजे प्लेट झिजून संपली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेटच बदलू." मग त्यानं सामानाचा आकडा सांगितला आणि मजुरीचा सांगितला. मजुरीचा आकडा सामानापेक्षा मोठा होता.

"मजुरी जास्त कशी?" तिनं विचारलं.

"ताई, प्लेट बदलायला वेळच लागत नाही. तिथवर पोचायलाच दिवस जातो. बॅटरी काढा, चाकं काढा, एक्सल ओढा, इंजिन खालून टेकवा, मग कुठे तो अख्खा गिअरबॉक्स खाली येणार. दोन माणसं लागतात."

तिला ते पटलं. घाबरट माणसाला पैसे देऊन सुरक्षित राहणं नेहमीच पटतं. पण घरी येऊन तिनं आकडा सांगितला आणि सासरे खुर्चीतून उठलेच.

सासरे म्हणजे बस डेपोतले जुने मेकॅनिक. डेपोत त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि निवृत्तीनंतरही ते नाव त्यांना चिकटून राहिलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडून पाहिली होती. पंखा, मिक्सर, कुलपं. काही पुन्हा चालू झाल्या होत्या.

"एवढी मजुरी? सोन्याचे पाने आहेत का त्याच्याकडे?" ते म्हणाले. "सामान मी आणतो. परसात गाडी लाव. मी करतो."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पलंगावरून उतरायची मनाई होती, पण कानांना मनाई नव्हती. "अहो, तुम्ही बसचे गिअरबॉक्स उतरवायचात तेव्हा तिशीत होता!"

"गिअरबॉक्सला वय दिसत नाही!" उस्ताद ओरडले.

"पाठीला दिसतं!"

ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. गाडी माझी, पैसे मी देते." बोलून गेली आणि लगेच तिला कळलं की हे बोलायला नको होतं. उस्तादांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि माळ्यावरून आपली हत्यारांची पेटी खाली काढायला लागले. आता त्यांना अडवायचं म्हणजे त्यांचा अपमान करण्यासारखं होतं.

त्या आठवड्यात ती रिक्षानं फिरली. सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजमधून परसात येऊन उभी राहिली. शेजारचे दोघेतिघे ढकलायला आले होते, ते चहा पिऊन गेले. परसाची जमीन मातीची, वर फरशीचे तुकडे बसवलेले, आणि कडेनं मोरीचं पाणी वाहून जायचं. उस्तादांनी पुढचा भाग जॅकवर उचलला आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. पुढची चाकं काढली.

"बाबा, हे स्टँड हलणार नाहीत ना?"

"तुझ्या सासूचं मत बदलेल, पण हे स्टँड हलणार नाहीत."

तरी तिचं समाधान होईना. चाकं काढून भिंतीला लावली होती. त्यातलं एक तिनं घरंगळत आणलं आणि डाव्या बाजूला गाडीच्या दारांखाली आडवं सरकवलं. दुसरं उजवीकडे. उस्ताद गाडीखालून बघत होते. "आता उशी आणि पांघरूणही घाल तिला," ते म्हणाले. पण त्यांनी चाकं काढायला लावली नाहीत.

मग काम सुरू झालं, आणि ती दर थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून येऊन बघत राहिली. बॅटरी निघाली. गिअरबॉक्समधलं तेल काळंकुट्ट होऊन पातेल्यात उतरलं. क्लचची वायर सुटली, स्टार्टर निघाला. एक्सल काढताना उस्तादांनी एका पहारीवर इतका जोर दिला की गाडी डुलली, आणि तिनं बादली तिथेच टाकून दार धरलं, जणू ती धरून गाडी थांबणार होती. उस्ताद घामाघूम झाले होते. चेहरा लाल झाला होता, पण डोळे तरुण दिसत होते. तिला ते बघून बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

"बाबा, उरलेलं उद्या करू."

"उद्या कशाला? आता चार बोल्ट राहिलेत. इंजिन टेकवलंय. गिअरबॉक्स सुटला की छातीवर घेऊन खाली सरकवायचा, झालं."

"छातीवर?"

"डेपोत असंच करायचो."

डेपोत खाली खड्डा होता, वर साखळी होती आणि बाजूला चार माणसं होती. हे तिनं त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. पण ते पुन्हा पाठीवर झोपले आणि पायांनी ढकलत आत सरकले. बाहेर फक्त त्यांच्या जुन्या चपला आणि पोटऱ्या दिसत होत्या.

बोल्ट निघाले. गिअरबॉक्स काही निघेना. तो इंजिनला चिकटून बसला होता. उस्ताद पहार घालून एकदा डावीकडून ढकलत, एकदा उजवीकडून. प्रत्येक धक्क्याला गाडी कुरकुरायची. ती डाव्या बाजूला वाकून उभी होती. तिची नजर स्टँडच्या पायांवर होती. मोरीच्या बाजूची फरशी ओली होती. तिनं तोंड उघडलं, "बाबा, थांबा, फरशी—"

फरशी खचली. स्टँड कलंडला. गाडी तिच्या बाजूला एक झोका घेऊन खाली आली आणि तो आवाज तिला कानांनी नाही, दातांत ऐकू आला. गाडी त्या आडव्या चाकावर येऊन थांबली. धुरळा उडाला. पातेलं पालथं होऊन काळं तेल फरशीवर पसरत चाललं.

चपला हलत नव्हत्या.

"बाबा!"

तिनं पोटावर पडून आत बघितलं. गिअरबॉक्स सुटला होता. तो उस्तादांच्या छातीवर होता आणि गाडीचा तळ गिअरबॉक्सवर. उजवा हात मोकळा होता, डावा कुठे होता ते दिसत नव्हतं. डोळे उघडे होते. तोंड उघडझाप करत होतं, पण आवाज येत नव्हता.

मग बारीक आवाज आला. "श्वास... घेता येत नाही."

तिनं गाडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि उचलली. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. गाडी केसभरही हलली नाही. बोटांची कातडी मात्र सोलली गेली. ती ओरडणारच होती, तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली.

"काय पडलं गं?"

खालून उस्तादांनी मोकळा हात हलवला. "सांगू नकोस तिला," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "उठेल. पडेल."

खरंच उठल्या असत्या. नव्या गुडघ्यावर धावत आल्या असत्या.

"चाक पडलं, आई!" ती ओरडली. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला, याचं तिला पुढेही कित्येक दिवस नवल वाटत राहिलं.

फोन स्वयंपाकघरात होता. तिथवर जायचं म्हणजे त्यांना एकटं सोडायचं. ती धावली. ओट्याशी उभं राहून, तोंडावर हात धरून तिनं रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला. पलीकडची बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." मोठ्यानं बोलता येत नव्हतं. दुसरा फोन गॅरेजवाल्याला. त्यानं उचलला. ती म्हणाली, "बाबा गाडीखाली अडकलेत," आणि तो फक्त "आलो" म्हणाला.

"झालं का गं काम?" सासूबाई.

"होतंय, आई. थोडंच राहिलंय."

ती परत येऊन पडली, गाल जमिनीला टेकवून, म्हणजे त्यांचा चेहरा दिसेल. ओठ निळसर पडायला लागले होते. असे ओठ तिनं कामात पाहिले होते. ज्या माणसांचे तसे होते, त्यांच्या घरी पुन्हा जायची वेळ आली नव्हती.

गॅरेजवाला येईपर्यंत थांबता येणार नव्हतं. उस्तादांचा मोठा जॅक इंजिनखाली आडवा पडला होता, तो हाताला येईना. पण डिकीत गाडीचा स्वतःचा जॅक असतो, फिरवून उचलायचा, तो होता. तिनं तो कधीच वापरला नव्हता. टायर पंक्चर झाला की ती रस्त्याच्या कडेला उभी राहून कुणीतरी थांबायची वाट बघायची.

जॅक सापडला. दांडा सापडेना. तिनं डिकीतलं सगळं बाहेर फेकलं, हातमोज्यांचा खोका, रिकाम्या नळ्या, छत्री. दांडा कडेला चिमट्यात अडकवलेला होता.

"बाबा, कुठे लावू? सांगा मला. कुठे लावू?"

"खाली... फळी."

भिंतीशी एक जाड फळी होती, ती तिनं आणली. मोरीची बाजू सोडून, कोरड्या जमिनीवर ठेवली. वर जॅक.

"कडेला... दुमडलेला पत्रा. खाच असेल."

तिनं बोटांनी चाचपून खाच शोधली. जॅक तिथे बसवला आणि दांडा फिरवायला लागली. तो रिकामाच फिरत होता, टेकायला अजून वाव होता. मग टेकला. मग जड झाला. आणि तिच्या मनात आलं, हा घसरला तर? गाडी चाकावर तरी थांबलीय. मी उचलली आणि हा जॅक पण कलंडला, तर जो काही श्वास चालू आहे तोही मीच थांबवणार.

तिचा हात थांबला. दांडा धरलेली मूठ उघडेना आणि फिरेना.

"पोरी," उस्ताद म्हणाले. "मला भीती वाटतेय."

हे शब्द त्या माणसाच्या तोंडून तिनं कधी ऐकले नव्हते, आणि त्यांच्या बायकोनंही ऐकले नसावेत. काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण तिच्या तोंडून तिचा कामाचा आवाज निघाला. रोज सकाळी अनोळखी माणसांच्या दिवाणखान्यात निघायचा तो.

"वर नका बघू, बाबा. माझ्याकडे बघा. इकडे. काल संध्याकाळी काय जेवलात?"

उस्तादांनी मान वळवली. आठवायला लागले. ती दांडा फिरवायला लागली.

"काल... भाकरी."

"आणि?"

"आणि... तू केलेलं ते..."

"ते म्हणजे काय? नाव घ्या. आवडलं नव्हतं का?"

"खारट होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?" दांडा आता दोन्ही हातांनी ओढावा लागत होता. गाडीचा पत्रा कण्हला. "बोला ना, का नाही बोललात?"

"तुला... वाईट वाटलं असतं."

आणि मग उस्तादांनी श्वास घेतला. पूर्ण नाही, पण घेतला. बुडालेला माणूस वर आल्यासारखा घरघरत, आवाज करत. तिनं आणखी चार फेरे दिले. गिअरबॉक्स आणि गाडीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट पडली. त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला. डावीकडचं आडवं चाक भारातून सुटलं होतं, ते तिनं लगेच आणखी आत सरकवलं. पुढे फिरवायची तिची हिंमत झाली नाही. गिअरबॉक्स हलवायचीही नाही. ती पुन्हा जमिनीवर गाल टेकवून पडून राहिली आणि त्यांचा मोकळा हात धरून, कुठली भाजी, कुठला चहा, कुठल्या बसचा गिअरबॉक्स सगळ्यात जड, असं काय वाट्टेल ते विचारत राहिली. आतून दोनदा हाक आली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "होतंय, आई."

गॅरेजवाला धावत आला. मागे त्याचा कामगार, चाकांवरचा बुटका जॅक ढकलत. दोघांनी दोन ठिकाणी जॅक लावले, खाली लाकडाचे ठोकळे रचले, गॅरेजवाला पोटावर सरकत आत गेला आणि त्यानं गिअरबॉक्स दोन्ही हातांनी मिठीत घेतला. कामगारानं उस्तादांना काखेत हात घालून ओढलं. ते बाहेर आले तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत तेलात माखले होते. रक्त कुठलं आणि तेल कुठलं, तिला कळेना. रक्ताशी तिचा रोजचा संबंध, आणि तिला कळेना.

रुग्णवाहिका नंतर आली. आता सासूबाईंना सांगावंच लागलं. तिनं त्यांच्या पलंगाशी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाक पडलं म्हणालीस."

"हो, आई."

"पुन्हा माझ्याशी असं सरळ आवाजात खोटं बोलू नकोस. मला भीती वाटेल."

तीन फासळ्या मोडल्या होत्या, डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले की थोडा आणखी उशीर झाला असता तर बोलायला काही राहिलं नसतं. नवऱ्यानं फोनवर आधी रडून घेतलं, मग आवाज चढवला. "तू त्यांना करू कसं दिलंस?" हाच प्रश्न ती स्वतःला विचारत होती, आणि उत्तर इतकंच होतं की त्यांचा उतरलेला चेहरा बघायची तिला भीती वाटली होती.

गाडी गॅरेजवाल्यानं उचलून नेली, गिअरबॉक्स वेगळा टेंपोत घालून. काही दिवसांनी ती बघायला गेली. गाडी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, लोखंडी हातांवर तोललेली होती. खाली गॅरेजवाला आणि त्याचा कामगार, दोघे मिळून गिअरबॉक्स वर चढवत होते. एकानं खालून तोलायचा, दुसऱ्यानं आतल्या दांड्याशी नेम धरायचा. पहिल्यांदा बसला नाही. खाली घेतला. पुन्हा. दोघांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. तिसऱ्यांदा आत गेला तेव्हा कामगार हसला आणि हात झटकत बाहेर आला. ती दारातच उभी होती. गॅरेजवाल्यानं, "या ताई, जुनी प्लेट दाखवतो," म्हणून बोलावलं, तर त्या उचललेल्या गाडीखाली जायला ती तयार होईना. शेवटी तोच प्लेट घेऊन बाहेर आला. ताटलीएवढी गोल, कडा जळून काळी पडलेली, वरचा थर इतका घासलेला की रिव्हेटची डोकी वर आली होती.

"एवढ्याशासाठी," ती म्हणाली.

"एवढ्याशासाठीच," तो म्हणाला.

पैसे देताना तिनं सगळी मजुरी मोजून पुढे केली. त्यानं त्यातल्या काही नोटा परत दिल्या. ती नको म्हणाली. तो म्हणाला, "उपकार नाही करत. गाडी उघडून आली होती. उस्तादांनी काढलेला एकेक बोल्ट डब्यात जागच्या जागी होता. उघडायची मजुरी मी कशी घेऊ? लावायची घेतली."

ती घरी येऊन हे बोलली, तेव्हा उस्ताद खुर्चीत उशांना टेकून बसले होते. "म्हणजे उघडायची मजुरी मी कमावली?" ते म्हणाले आणि हसले. हसल्याबरोबर फासळ्या दुखल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कमावली ना," आतून सासूबाई म्हणाल्या. "हाडवैद्याला देऊन टाकली."

पण पूर्वीचे उस्ताद परत आले नाहीत. ते पलंगावर पाठ टेकून झोपत नसत, खुर्चीतच झोपत. त्यांनी कारण सांगितलं फासळ्यांचं. फासळ्या बऱ्या झाल्या तरी खुर्ची सुटली नाही. हत्यारांची पेटी परसातच पडून होती. ती तिनं पुसून माळ्यावर ठेवली, आणि त्यांनी ती कुठे गेली हे विचारलं नाही.

फासळ्यांचा शेवटचा फोटो काढायचा होता, म्हणून एका सकाळी ती त्यांना रुग्णालयात घेऊन निघाली. नवा क्लच लोण्यासारखा होता. पाय ठेवला की खाली जायचा, सोडला की गाडी झेप घ्यायची. तिला अजून त्याची सवय झाली नव्हती. उस्ताद शेजारी बसून दुकानांच्या पाट्या वाचत होते. काही वेळानं म्हणाले, "गिअर लवकर टाकतेस. जरा थांबून टाक." तिला हे ऐकून इतकं बरं वाटलं की ती मुद्दाम पुन्हा लवकर टाकायला लागली.

रुग्णालयाचं वाहनतळ इमारतीच्या खाली होतं. उतारावरून आत जायचं, वर काँक्रीटचं बुटकं छत. उजेड कमी, छताला जाड पाइप. ती वळून उताराच्या तोंडाशी आली, तेव्हा उस्तादांचा हात एकदम डॅशबोर्डवर आला. ती थांबली. बघितलं. ते पुढे, त्या काळ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा श्वास लहान लहान झाला होता. कपाळावर घाम.

तिनं काय होतंय ते विचारलं असतं तर त्यांनी "काही नाही, चल" म्हटलं असतं आणि आत गेले असते. मागून एक गाडी हॉर्न द्यायला लागली.

"आत जागा नसणार बाबा, या वेळेला," ती म्हणाली. "बाहेरच लावू. थोडं चालावं लागेल."

त्यांनी मान हलवली. तिनं गाडी मागे घेतली, हॉर्न वाजवणाऱ्याला हात जोडले आणि रस्त्याच्या कडेला, मोकळ्या आभाळाखाली एक जागा शोधली. ती बरीच लांब होती. उतरल्यावर उस्तादांनी तिच्या कोपराला धरलं. तसं धरायची त्यांना गरज नव्हती, पाय ठणठणीत होते.

"ऊन आहे," ती म्हणाली. "सावकाश चालू."

"सावकाशच चालू," ते म्हणाले.